प्रोसेसरचं तापमान: स्क्रीनवरचा आकडा किती खरा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डेस्कटॉप असो वा लॅपटॉप, इंटेल असो वा एएमडी, तापमानाचा आकडा पाहून लोकांचे दोन गट पडतात. एक आकडा जास्त दिसला म्हणून घाबरलेल्यांचा, दुसरा फारच कमी दिसला म्हणून खूश झालेल्यांचा. दुसऱ्या गटाने हे पान जरा जास्त लक्ष देऊन वाचावं.

प्रोसेसरचं तापमान नेमकं कोण मोजतं?

चिप स्वतःच. प्रत्येक कोअरजवळ (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) सिलिकॉनमध्येच छोटे सेन्सर कोरलेले असतात. इंटेलने २००६ च्या कोअर ड्युओपासून डिजिटल थर्मल सेन्सर दिला. त्याआधी पेंटियम ४ च्या काळात चिपमध्ये एक डायोड असायचा आणि त्याचं वाचन मदरबोर्डवरची वेगळी चिप करायची. त्यामुळे बोर्ड बदलला की आकडाही बदलायचा.

आता खरी मेख. इंटेलचा हा सेन्सर ‘मी ६५ अंशांवर आहे’ असं सांगतच नाही. तो सांगतो, ‘मी मर्यादेच्या ३५ अंश खाली आहे.’ ही मर्यादा म्हणजे टीजे-मॅक्स, ज्या तापमानाला प्रोसेसर आपला वेग स्वतःहून कमी करू लागतो. मर्यादा १०० असेल तर सॉफ्टवेअर १०० मधून ३५ वजा करतं आणि तुम्हाला ६५ दाखवतं. म्हणजे स्क्रीनवरचा आकडा मोजलेला नसतो, वजाबाकीतून आलेला असतो. वजाबाकीतला पहिला आकडा चुकला की उत्तर तेवढ्याच अंशांनी चुकतं, आणि ते प्रत्येक वाचनात चुकतं.

असं कधी झालं आहे का, की टीजे-मॅक्सच चुकीचा धरला गेला?

सर्रास. कोअर २ ड्युओ आणि कोअर २ क्वाडच्या काळात हा आकडा डेस्कटॉप चिपमधून वाचण्याची सोयच नव्हती. सॉफ्टवेअर लिहिणारे अंदाज बांधायचे: कुणी ८५ धरायचं, कुणी ९५, कुणी १०५. एकाच मशीनवर एकाच क्षणी दोन सॉफ्टवेअरमध्ये १० ते १५ अंशांचा फरक दिसायचा आणि दोन्हीकडचे समर्थक हमरीतुमरीवर यायचे. शेवटी २००८ मध्ये इंटेलने आपल्या डेव्हलपर परिषदेत हे आकडे जाहीर केले. त्याच वर्षाअखेरीस आलेल्या नेहालेम पिढीपासून मर्यादा चिपमधल्या रजिस्टरमध्येच लिहिलेली असते आणि सॉफ्टवेअर ती थेट वाचतं.

त्यामुळे तुमची चिप पहिल्या पिढीचा कोअर आय ५, आय ७ किंवा त्यानंतरची असेल तर ही चूक होण्याची शक्यता फार कमी आहे. घरात जुना कोअर २ ड्युओ चालू असेल तर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये टीजे-मॅक्स किती धरला आहे ते आधी बघा.

एक अपवाद नव्या मशीनवरही आहे. काही बायोसमध्ये (मशीन चालू होताना आधी चालणारं मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) वेग कमी करण्याची मर्यादा खाली ओढता येते. काही लॅपटॉपवर ती कारखान्यातूनच ओढलेली असते. अशा मशीनवर टीजे-मॅक्स १०० दिसतो, पण वेग ९० च्या आसपासच पडू लागतो. आकडा बरोबर असतो, मर्यादाच सरकलेली असते.

माझ्या जुन्या रायझनचा आकडा २० अंशांनी जास्त दिसतो असं मित्र म्हणतो. खरं आहे का?

रायझन १६००एक्स, १७००एक्स किंवा १८००एक्स असेल तर मित्र बरोबर सांगतोय. एएमडी दोन वेगळी तापमानं धरते. एक ‘टी-डाय’, म्हणजे सिलिकॉनचं प्रत्यक्ष तापमान. दुसरं ‘टी-कंट्रोल’, म्हणजे पंख्याचा वेग ठरवण्यासाठी वापरायचा आकडा. सगळ्या मॉडेलवर पंख्याचं धोरण सारखं राहावं म्हणून कंपनीने या तीन मॉडेलच्या टी-कंट्रोलमध्ये मुद्दाम २० अंश मिळवले. २०१७ च्या मार्चमध्ये एएमडीने याचा खुलासा केला. २७००एक्सला हा वाढावा १० अंशांचा आहे, पहिल्या थ्रेडरिपरना २७ अंशांचा.

नवी सॉफ्टवेअर हा हिशोब स्वतः करतात. जुनी आवृत्ती असेल किंवा मदरबोर्डच्या छोट्या डिस्प्लेवरचा आकडा बघत असाल तर तो टी-कंट्रोल असू शकतो. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही नावं वेगवेगळी दिसत असतील तर टी-डाय धरा.

त्याहूनही जुन्या, फेनॉमच्या काळातल्या एएमडी चिपवर तर टी-कंट्रोल हे खऱ्या अंशांत नसतंच. ‘पूर्ण कूलिंग लागेल त्या बिंदूपासून आपण किती लांब’ एवढंच ते सांगतं. तिथे खोलीपेक्षा कमी आकडा दिसणं ही नेहमीची गोष्ट आहे आणि त्यावरून कूलरचं कौतुक करण्यात अर्थ नाही.

एकाच सॉफ्टवेअरमध्ये सीपीयूची पाच-सहा तापमानं दिसतात. कुठलं धरू?

‘कोअर ०’, ‘कोअर १’ अशा ओळी म्हणजे त्या त्या कोअरचा सेन्सर. ‘सीपीयू पॅकेज’ ही सहसा संपूर्ण चिपमधली सगळ्यात गरम जागा असते, त्यात आतला ग्राफिक्सचा भागही आला. एकच ओळ बघायची असेल तर ही बघा.

‘सीपीयूटिन’, ‘ऑक्सटिन’, ‘टीएमपीआयएन’ किंवा नुसतं ‘टेंपरेचर १, २, ३’ अशा ओळी मदरबोर्डवरच्या सुपर आयओ चिपकडून (पंखे आणि बोर्डावरचे सेन्सर सांभाळणारी चिप) येतात. नुव्होटॉन आणि आयटीई या कंपन्यांच्या या चिप बहुतेक बोर्डांवर असतात. त्यांना कुठला सेन्सर कुठे जोडायचा हे बोर्ड बनवणारा ठरवतो, आणि सॉफ्टवेअरला ते कळेलच असं नाही. सीपीयूटिन नावाच्या ओळीत सॉकेटखालचा सेन्सर असू शकतो आणि तो पूर्ण लोडवर, म्हणजे प्रोसेसर पूर्ण कामात असताना, कोअरपेक्षा २० अंश थंड दिसू शकतो. तो खोटा नाही, दुसऱ्या जागेचा आहे.

मायनस ५५, १२७ किंवा कायम २७.८ असे आकडे का दिसतात?

पहिले दोन म्हणजे त्या पिनला काही जोडलेलंच नाही. आठ बिटांच्या आकड्याची टोकं मायनस १२८ आणि १२७ ही आहेत. सुट्या पिनचं वाचन टोकाला किंवा कुठेतरी अधांतरी जाऊन थांबतं. सॉफ्टवेअरमध्ये ती ओळ लपवून टाका आणि विसरा.

२७.८ ची गंमत वेगळी आहे. विंडोज आणि लिनक्स दोन्हींना बायोसकडून ‘थर्मल झोन’ नावाची माहिती मिळते. ती केल्विनच्या दहाव्या हिश्शात असते. अनेक डेस्कटॉप बोर्डांवर बनवणाऱ्याने तिथे सेन्सर न जोडता ३०१० हा ठोकळ आकडा लिहून ठेवलेला असतो. ३०१० मधून २७३२ वजा केले की उरतात २७८, म्हणजे २७.८ अंश. नागपुरात मे महिन्यात दुपारी दोन वाजता आणि महाबळेश्वरला जानेवारीत पहाटे तेच. टास्कबारवर तापमान दाखवणाऱ्या काही छोट्या ॲप हाच आकडा उचलतात, कारण तो मिळवणं सोपं आहे. आकडा तासभर हलला नाही तर ते ॲप काढून टाका.

माझा प्रोसेसर खोलीपेक्षा थंड दिसतोय. कूलर इतका भारी आहे का?

नाही. हवेचा कूलर असो की पाण्याचा, तो उष्णता खोलीतल्या हवेतच सोडतो. त्यामुळे चालू प्रोसेसर त्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. खोली ३८ आणि प्रोसेसर ३३, असं दिसलं तर आकडा चुकलेला आहे, चर्चा संपली.

फक्त ‘खोलीचं तापमान’ कुठे मोजलं ते बघा. विदर्भ-मराठवाड्यात खिडकीत डेझर्ट कूलर लावलेला असतो आणि त्याच्या झोतात कॅबिनेट असेल तर तिथली हवा पलंगाजवळच्या थर्मामीटरपेक्षा सात-आठ अंशांनी थंड असू शकते. थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या जाळीशी, जिथून हवा आत जाते तिथे ठेवा. एसी थेट कॅबिनेटवर येत असेल तरी हेच.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. इंटरनेटवर ‘आयडलला (मशीन काही करत नसताना) ३० ते ३५ हवं’ असं लिहिणारे बहुतेक लोक २० ते २२ अंशांच्या खोलीत बसलेले असतात. तुमची खोली ३६ वर असेल तर त्यांचे ३३ म्हणजे तुमचे ४८. आकडा उचलायचा तर खोलीपेक्षा किती जास्त हा फरक उचला.

घरी तपासायचं कसं? प्रयोगशाळेची साधनं नाहीत.

लागत नाहीत. दहा-वीस अंशांच्या चुका साध्या तपासणीत उघड्या पडतात, आणि काळजी करण्यासारख्या चुका तेवढ्याच मोठ्या असतात.

सुरुवात थंड मशीनपासून करा. रात्रभर मशीन बंद ठेवा, पॉवरचं बटणही मागून बंद करा. सकाळी जाळीशी थर्मामीटर ठेवून तापमान लिहून घ्या, मशीन चालू करा आणि सरळ बायोसमध्ये जा. पहिल्या काही सेकंदांतला आकडा खोलीपेक्षा थोडाच वर असायला हवा. पाच-दहा अंश ठीक, चिप मोठी असेल तर पंधराही चालतील. इथेच ३० अंशांचा फरक दिसला तर एकतर वाढीव आकडा दाखवला जातोय किंवा कूलर नीट टेकलेला नाही. खोलीपेक्षा खाली दिसला तर वर सांगितलंच आहे.

मग विंडोज सुरू झाल्यावर दहा मिनिटं काही करू नका. अपडेट, अँटिव्हायरस, क्लाउडचं सिंक सगळं शांत होऊ द्या. सगळ्या कोअरचे आकडे एकमेकांच्या जवळ यायला हवेत.

आता उडीची तपासणी. ही मला सगळ्यात उपयोगी वाटते. प्राइम ९५ किंवा सीपीयू-झेडमधली स्ट्रेस टेस्ट सुरू करा आणि पहिली दोन सेकंदं आकड्याकडेच बघा. सिलिकॉनचा तुकडा नखाएवढा असतो, त्यात ऊब साठवायला जागाच नाही. म्हणून खरा कोअर सेन्सर पहिल्याच सेकंदात १० ते २० अंशांनी वर जातो आणि नंतर मिनिटभर हळूहळू चढत राहतो, कारण तेव्हा हीटसिंक, म्हणजे कूलरचा धातूचा भाग, तापत असतो. टेस्ट थांबवली की तो तितक्याच झटक्यात खाली येतो. जो आकडा आरामात, वीस-तीस सेकंदांनी चढायला लागतो, तो चिपच्या बाहेरचा आहे. जो हलतच नाही, तो अडकलेला किंवा ठोकळ आहे. नाव काहीही लिहिलेलं असो.

शेवटी, एकाच मशीनवर सकाळी आणि दुपारी तीच टेस्ट, पंख्याचा वेग बायोसमध्ये एका जागी बांधून. खोली ८ अंशांनी तापली तर प्रोसेसरही साधारण ८ अंशांनी वर जायला हवा.

वॅटवरून काही अंदाज बांधता येतो का?

येतो, आणि हा हिशोब फार कमी लोक करतात. एचडब्ल्यू-इन्फोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पॅकेज पॉवर’ दिसते. समजा खोली ३०, प्रोसेसर ६५ वॅट खातोय आणि पंधरा मिनिटांनी ७५ अंशांवर स्थिर झाला. फरक ४५ अंश, भागिले ६५, म्हणजे दर वॅटला सुमारे ०.७ अंश. हा तुमच्या कूलरचा, पेस्टचा (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायचा उष्णता वाहून नेणारा लेप) आणि चिपचा मिळून एक आकडा झाला. पंख्याचा वेग तोच ठेवला तर तो फारसा बदलत नाही. म्हणजे खोली ३८ झाली की ८३ च्या जवळपास दिसायला हवेत, तापल्यावर गळती करंट वाढतो म्हणून एखादा अंश जास्त. पॉवरची मर्यादा १०० वॅट केली तर ३० अंशांच्या खोलीत ३० अधिक ७०, म्हणजे जवळपास १००. तिथे प्रोसेसर मर्यादेला टेकणारच.

हा भागाकार लिहून ठेवा. सहा महिन्यांनी ०.७ चा ०.९ झाला तर सेन्सर बिघडलेला नाही. धूळ बसली आहे किंवा पेस्ट वाळली आहे.

दोन सावधगिरी. काही एएमडी बोर्ड जास्त वेग मिळावा म्हणून प्रोसेसरला कमी वॅट कळवतात. हे २०२० मध्ये एचडब्ल्यू-इन्फोने उघड केलं आणि तपासण्यासाठी ‘पॉवर रिपोर्टिंग डेव्हिएशन’ ही वेगळी ओळच टाकली. पूर्ण लोडवर ती १०० टक्क्यांच्या आसपास असेल तर निश्चिंत राहा. दुसरं म्हणजे रायझन ७००० मालिकेतले एक्सवाले मोठे प्रोसेसर पूर्ण लोडवर ९५ अंश गाठायचे आणि तिथेच राहायचे अशाच बेताने बनवले आहेत. कूलर मोठा लावला तर तापमान तेच राहतं, वेग वाढतो. तिथे आधी इको मोड (कमी वीज खाण्याचं सेटिंग) लावून वॅट बांधून घ्या, मगच भागाकार करा.

इन्फ्रारेड थर्मामीटरने खात्री करता येईल?

कोरोनाच्या काळात घेतलेली कपाळावर धरायची बंदूक असेल तर नाही. ती माणसाच्या तापमानापुरती असते, त्यावर गेलं की नुसतं ‘हाय’ दाखवते.

औद्योगिक बंदूकही जपून. चकचकीत ॲल्युमिनियम किंवा निकेलचा मुलामा स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो आणि आजूबाजूचं प्रतिबिंब जास्त दाखवतो. ६० अंशांचा हीटसिंक ३५ दिसू शकतो. मोजायचंच तर हीटसिंकच्या तळाशी काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, ती मिनिटभर तापू द्या आणि टेपवर नेम धरा. एवढं करूनही तुम्ही मोजलं ते हीटसिंकचं तापमान. सिलिकॉन, त्यावरची पेस्ट किंवा सोल्डर, वरचं धातूचं झाकण, पुन्हा पेस्ट, मग हीटसिंक असा तो प्रवास आहे. पूर्ण लोडवर या दोन टोकांत ३० अंशांचा फरक अगदी नॉर्मल आहे. त्यामुळे बंदुकीत ५० आणि सॉफ्टवेअरमध्ये ८० दिसले तर दोन्ही बरोबर असू शकतात.

सॉफ्टवेअर ९८ दाखवतंय आणि हीटसिंकला हात लावला तर गार आहे. मग तर सेन्सरच खराब ना?

हाच निष्कर्ष लोक सगळ्यात जास्त काढतात आणि तो बहुतेक वेळा उलटा असतो. हीटसिंक गार आहे याचा अर्थ उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नाही. प्रोसेसर आत भाजतोय आणि सेन्सर खरं बोलतोय.

नव्या मशीनवर कूलरच्या तळाची पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म काढायची राहून जाते. इंटेलच्या डब्यात येणाऱ्या कूलरच्या चार पांढऱ्या-काळ्या पिनांपैकी एखादी बोर्डाच्या मागे पूर्ण बाहेर आलेली नसते. वरून सगळं घट्ट वाटतं, म्हणून बोर्ड उलटा करून चारही टोकं बघा. पाण्याच्या कूलरचा पंप बंद पडला असेल तर एक नळी तापलेली आणि दुसरी गार लागते. जुन्या लॅपटॉपमध्ये पेस्ट खडूसारखी झालेली असते. ‘सेन्सरच जास्त दाखवतो, लक्ष देऊ नका’ असं दुरुस्तीवाल्याने सांगितलं तर आधी कूलर काढून पेस्टचा ठसा दाखवायला सांगा. सगळीकडे सारखा पातळ थर पसरलेला दिसला तर टेकणं ठीक होतं. एका कोपऱ्यात जाड आणि दुसरीकडे कोरडं असेल तर उत्तर समोरच आहे.

पंखा काढून किंवा कूलरशिवाय ‘बघू आकडा चढतो का’ असा प्रयोग मात्र करू नका.

बायोसमध्ये ५५ आणि विंडोजमध्ये ४०. खरं कोण?

दोघेही. बायोसमध्ये प्रोसेसर झोपत नाही. विंडोजमध्ये रिकामे कोअर सेकंदात शेकडो वेळा बंद-चालू होऊन वीज वाचवतात, बायोसमध्ये ती सोय सहसा चालू नसते.

काहीच करत नसताना आकडा ४० वरून ६२ वर उडी मारतो. सेन्सर गडबडलाय का?

रायझन ३००० आणि त्यानंतरच्या चिपवर हे रोजचं आहे. विंडोजने एखादं बारीकसं काम दिलं की एक कोअर क्षणभर पूर्ण वेग आणि जास्त व्होल्टेज घेतो, आणि त्या कोअरची जागा इतकी लहान आहे की ती लगेच तापते. त्यात भर म्हणजे तापमान विचारणारं सॉफ्टवेअर स्वतःच कोअरला जागं करतं. एएमडीने २०१९ मध्ये हेच कारण दिलं होतं. वाचनाचं अंतर दोन सेकंद किंवा जास्त ठेवा आणि एका वेळी एकच सॉफ्टवेअर चालवा.

एकच चालवण्याचं दुसरंही कारण आहे. दोन प्रोग्रॅम एकाच वेळी सुपर आयओ चिपला प्रश्न विचारू लागले तर उत्तरं एकमेकांत मिसळतात आणि मधूनच २०० अंश किंवा शून्य असा आकडा उगवतो. बोर्डाच्या कंपनीचं लाइटिंगचं सॉफ्टवेअरही यात मोडतं.

एक कोअर बाकीच्यांपेक्षा आठ अंशांनी गरम आहे. चिप बदलून मागू?

नको. मधले कोअर कडेच्यांपेक्षा गरम असतात, ग्राफिक्सच्या शेजारचा कधी गार तर कधी गरम. वेगवान म्हणून निवडलेला कोअर जास्त काम ओढतो. शिवाय इंटेलने २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून बरीच वर्षं चिप आणि झाकण यांच्यामध्ये सोल्डरऐवजी पेस्ट घातली, त्या चिपमध्ये हा फरक आणखी दिसतो. पाच ते दहा अंश चालतात. वीस असतील आणि कूलर पुन्हा बसवूनही तसेच राहिले, तर विचार करा.

इंटेलच्या साइटवर माझ्या प्रोसेसरची मर्यादा ७२.६ लिहिली आहे. माझा तर ८० वर जातो!

तुमचा प्रोसेसर बहुधा आय ५ २५००के किंवा त्या पिढीतला आहे. ७२.६ ही ‘टी-केस’ आहे, म्हणजे धातूच्या झाकणाच्या मध्यावर बाहेरून मोजायचं तापमान. ते मोजायला झाकणात खाच पाडून थर्मोकपल (तापमान मोजणारी बारीक तार) बसवावा लागतो, घरी कुणी मोजत नाही. सॉफ्टवेअर आतलं तापमान दाखवतं, त्याची मर्यादा याच चिपला ९८ आहे. नव्या चिपच्या पानांवर कंपनी थेट आतली मर्यादा देते, त्यामुळे हा घोळ आता जुन्या मशीनपुरताच उरला आहे.

मग शेवटी चूक किती धरायची?

इंटेलच्या अनेक डेटाशीटमध्ये सेन्सरची चूक अधिक-उणे ५ अंशांच्या आत असेल असं लिहिलेलं आहे. सेन्सरचं मुख्य काम प्रोसेसर जळू न देणं हे आहे, म्हणून मर्यादेजवळ तो जास्त भरवशाचा आणि खाली, आयडलला, कमी. ४२ की ४५ यावर वाद घालण्यात हशील नाही. ९५ दिसत असतील तर ते ९५ च्या अगदी जवळपास आहेत असं समजा.

वेग कमी करण्याचा निर्णयही चिपच्या आतलेच सेन्सर घेतात. म्हणून मी स्वतः तापमानापेक्षा ‘डिस्टन्स टू टीजे-मॅक्स’ ही ओळ बघतो. त्यात वजाबाकीच नाही.

तापमान ८० आहे, तरी ‘थर्मल थ्रॉटलिंग: येस’ दिसतं. हे कसं?

थर्मल थ्रॉटलिंग म्हणजे तापल्यामुळे वेग कमी करणं. तीन शक्यता. मर्यादा खाली ओढलेली आहे, हे वर आलंच. किंवा दोन वाचनांच्या मधल्या क्षणी तापमान वर जाऊन आलं, ते तुमच्या आकड्यात पकडलं गेलं नाही. ‘मॅक्सिमम’ हा रकाना बघा. किंवा प्रोसेसरला बाहेरून थांबायला सांगितलं गेलं, ज्याला ‘प्रॉकहॉट’ सिग्नल म्हणतात. बोर्डावरचा वीज पुरवणारा भाग तापला की तो येतो. लॅपटॉपला मूळचा नसलेला चार्जर लावला तरी येऊ शकतो. प्रोसेसर ४५ अंशांवर आणि वेग मात्र काही शे मेगाहर्ट्झला अडकलेला असेल तर पेस्टवर पैसे घालवू नका, आधी ओळखीच्याकडून ओरिजिनल चार्जर आणून लावून बघा.

तापमान बघायचं सॉफ्टवेअर उघडलं की विंडोज डिफेंडर धोका दाखवतो. व्हायरस आहे का?

बहुधा ‘विनरिंग०’ हे नाव दिसत असेल. हा हार्डवेअरशी थेट बोलणारा जुना ड्रायव्हर आहे. पंखे आणि तापमान बघणाऱ्या अनेक मोफत प्रोग्रॅमनी तो वापरला. तो व्हायरस नाही, पण त्यात सुरक्षेची उणीव आहे आणि ती २०२० पासून नोंदवलेली आहे. २०२५ मध्ये डिफेंडर तो अडवू लागला. डिफेंडर बंद करण्यापेक्षा ज्यांनी ड्रायव्हर बदलला आहे अशी त्याच प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घ्या.

टास्क मॅनेजरमध्ये का दिसत नाही, हेही विचारलं जातं. तिथे ग्राफिक्स कार्डचं तापमान दिसतं, सीपीयूचं नाही.

लिनक्सवर?

एलएम-सेन्सर्स पॅकेज टाका आणि ‘सेन्सर्स’ ही कमांड द्या. ‘कोअरटेंप’ या नावाखाली येतं ते इंटेलच्या चिपमधलं, ‘के१०टेंप’ खाली येतं ते एएमडीचं. ‘एसीपीआयटीझेड’ म्हणजे आपला २७.८ वाला मित्र, दुर्लक्ष करा. फाइलमधून थेट वाचत असाल तर आकडा हजारपट असतो, ४८००० म्हणजे ४८ अंश. काही जुन्या एएमडी सॉकेटवर के१०टेंप चालूच व्हायला नकार देतं, कारण त्या चिपचा सेन्सर बेभरवशाचा असल्याचं एएमडीनेच आपल्या त्रुटींच्या यादीत, क्रमांक ३१९ वर, नोंदवलं आहे. जबरदस्तीने चालू करता येतं, पण करू नका. व्हर्च्युअल मशीनमध्ये तापमान सहसा दिसत नाही, तिथे शोधत बसू नका.

म्हणजे सेन्सर खरंच बिघडतो का कधी?

क्वचित. सगळ्यात ठळक उदाहरण ४५ नॅनोमीटरच्या कोअर २ चं, ई८४०० वगैरे. त्यातले काही सेन्सर ४० च्या घरात येऊन अडकायचे, त्याखाली कितीही थंड करा, हलायचे नाहीत. वर चढताना मात्र नीट चालायचे, त्यामुळे संरक्षणाला बाधा नव्हती. आजच्या चिपमध्ये एकच कोअर लोडवरही जागचा हलत नसेल, दोन वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये तसंच असेल आणि बायोस अपडेट करूनही फरक पडला नसेल, तर वॉरंटीत विचारा.

मदत मागताना काय काय सांगू?

प्रोसेसरचं पूर्ण मॉडेल, ‘आय ५ आहे’ एवढं पुरत नाही. जाळीजवळचं खोलीचं तापमान. कुठल्या सॉफ्टवेअरची कुठली ओळ. आयडलचे आकडे आणि पंधरा मिनिटांच्या लोडनंतरचे आकडे, सोबत पॅकेज पॉवर आणि पंख्याचा वेग. थ्रॉटलिंगची ओळ काय म्हणते. कूलर कुठला आणि पेस्ट शेवटची कधी लावली. मोबाइलने तिरका फोटो काढण्यापेक्षा स्क्रीनशॉट घ्या, आणि त्यात मिनिमम-मॅक्सिममचे रकाने कापले जाणार नाहीत एवढं बघा.